मेपलच्या आळ्यातला दगड

दगड अजून तिथेच आहे. आमच्या दारासमोरच्या मेपलच्या आळ्यात, मेलबॉक्सकडून मोजला तर चौथा. राखाडी, एका अंगाने चपटा. मुठीत मावत नाही, पण हातात नीट बसतो.

ओहायोतल्या आमच्या डब्लिनमध्ये रस्त्यावर दगड सापडत नाही. दुकानातून पिशवी भरून आणावे लागतात. हे मीच आणले, घर घेतलं त्या उन्हाळ्यात. बायको पुण्याची. ती तेव्हा म्हणाली होती, "माणदेशातून निघालास आणि सात समुद्र ओलांडून दगडच घेऊन आलास." माझ्या गावाला दगडांचीच समृद्धी, त्यामुळे मी हसलो होतो.

मी फारसा बोलणारा माणूस नाही. मीटिंगमध्येही कुणी विचारलं तरच बोलतो. ही गोष्ट चार वर्षं कुणाला सांगितली नाही. बायकोला सांगायची गरज नव्हती, ती तिथेच उभी होती.

शेजारी एक तुर्की कुटुंब राहतं. मुलगी, जावई, दोन लहान नातवंडं, आणि तेव्हा मुलीचे वडीलही होते. मध्य अनातोलियातल्या एका डोंगराळ तालुक्यात त्यांनी शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला. बायको गेल्यावर मुलीकडे आले आणि येताना कुत्रा घेऊन आले. मेंढ्या राखणारा कांगाल जातीचा कुत्रा, अंग पिवळट, तोंड काळं, माझ्या कमरेएवढा उंच. पहिल्याच भेटीत मी आपल्या सवयीने त्यांना काका म्हणालो, तर म्हातारा पोट धरून हसला. म्हणाला, "आमच्याकडे लहान मुलाची शी म्हणजे काका. तू मला अमजा म्हण." अमजा म्हणजे काकाच. तेव्हापासून ते आमचे अमजा.

दर शनिवारी सकाळी ते निळी फाइल घेऊन आमच्या किचनमध्ये येऊन बसायचे. त्यांना आपल्या तालुक्यावर पुस्तक लिहायचं होतं, इंग्रजीत. "नातवंडांना तुर्की बोलता येतं, वाचता येत नाही," म्हणाले. आमच्या मुलीचं मराठीचं तेच झालं होतं, ती तर आता कॉलेजला लांब. म्हणून मी हो म्हणालो. ते मोडक्या इंग्रजीत हाताने लिहून आणायचे, मी सरळ करून टाइप करायचो. तीन भाग होते, भूगोल, निसर्ग आणि इतिहास. बायको चहा करायची, ते दुधाचा चहा बघून दर वेळी तोंड वाकडं करायचे आणि दोन कप प्यायचे.

फाइलमधले त्यांच्या तालुक्याचे फोटो बघितले तेव्हा मी चकित झालो. उघडं माळरान, झिजलेल्या टेकड्या, मेंढरं. मी म्हणालो, "अमजा, हे तर आमचंच गाव."

"तुमच्याकडे बर्फ पडतो?"

"नाही."

"लांडगे?"

"होते. मी पाहिले नाहीत."

"मग तुमचं गाव नाही," ते म्हणाले.

त्यांचा तालुका मारणारा होता. असंच म्हणायचे ते, कौतुकाने. वसंतात बर्फ वितळला की नदी तांबडी होऊन उतरायची आणि दर दोन-चार वर्षांनी एखादा पूल, एखादा कळप, एखादं माणूस घेऊन जायची. त्यांच्या जन्माआधी एका भूकंपात अख्खी वस्ती झोपेतच दरीत घसरली. सकाळी वरच्या गावातले लोक पाहायला गेले तर मातीतून फक्त पॉप्लरच्या झाडांचे शेंडे वर आलेले. डोंगरावर काटेरी झुडपं, हात घातला तर सोलून काढणारी. खिंडीत एक जुनी दगडी सराय होती, पूर्वीचे व्यापारी तिथे उतरायचे. तिच्या दारावर कुठल्या राजाने कुणाची मुंडकी टांगली याची गावात चालत आलेली यादीच त्यांनी दिली होती. मी म्हणालो, "थोडी कमी करू या का?" ते म्हणाले, "मुंडकी?" मी म्हणालो, "पानं."

पण सगळ्यात जास्त पानं कुत्र्यांवर होती. हिवाळ्यात लांडगे खाली उतरतात, ते कुत्र्याचा गळा धरतात, म्हणून कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा. एका पहाटे त्यांच्या वडिलांचा कुत्रा पोट फाटलेला घरी आला. आतडी बर्फावरून ओढत आला होता आणि तोंडात लांडग्याचा कान होता. वडिलांनी लोकरीच्या दोऱ्याने पोट शिवलं. कुत्रा आणखी पाच हिवाळे जगला.

"असा कुत्रा अंगावर आला तर?" मी विचारलं होतं. मला कुत्र्यांची भीती वाटते, ते त्यांना माहीत होतं.

"बसायचं," अमजा म्हणाले. "जमिनीवर. हात रिकामे, मान खाली. बसलेल्या माणसाला तो हात लावत नाही. तुझ्याभोवती फिरेल, वास घेईल, मेंढपाळ येईपर्यंत राखत बसेल. आमच्याकडे चार वर्षांच्या पोरालाही हे माहीत असतं."

ते खुर्चीतून उठून किचनच्या फरशीवर मांडी घालून बसले, मला दाखवायला. मग मलाही बसवलं. बायको हसत म्हणाली, "पंगत वाढू का?"

म्हणजे मला माहीत होतं. हे आधीच सांगून ठेवतो.

सप्टेंबरमध्ये इतिहासाचं शेवटचं प्रकरण आलं. त्यात एक वाक्य होतं: 'पुलापलीकडे चर्च असलेली वस्ती होती, आता नाही.' मी विचारलं, "नाही म्हणजे? काय झालं?"

अमजांनी कप बाजूला ठेवला. मग बोलले. त्या लोकांना एका उन्हाळ्यात हाकलून नेलं. पुलावरून नेलं. गावातले लोक दोन्ही कठड्यांना उभे होते, त्यात त्यांचे आजोबा, सोळा वर्षांचे. एक बाई चालता चालता खाली बसली. आजोबांच्या हातात दगड होता. "आमचा कुत्रा बसलेल्याला सोडतो," अमजा म्हणाले. "माझ्या आजोबांनी सोडलं नाही. मरताना मला सांगितलं. कुठे लागला तेही सांगितलं."

मला अवघडल्यासारखं झालं. मी सल्ला दिला, "अमजा, नातवंडं वाचणार आहेत. 'ते लोक निघून गेले' एवढंच लिहू या."

"मुलगीही हेच म्हणते," ते म्हणाले. "विचार करतो."

ऑक्टोबरातला शनिवार होता. अमजा जावई आणि नातवंडांबरोबर भोपळे आणायला जाणार होते, म्हणून आमची बैठक नव्हती. मी लांब दांड्याच्या दाताळ्याने समोरची पानं गोळा करत होतो, डोक्यावर जॅकेटचं हूड. बायको गॅरेजच्या दारात बॅगा उघडत होती. शेजारचं लॉन कापणारा माणूस मागचं फाटक उघडं टाकून गेला होता, ते नंतर कळलं. मी मान वर केली तर दहा पावलांवर कुत्रा.

तो अंगावर आला नव्हता. शेजारच्या आणि आमच्या हिरवळीच्या मधे उभा राहून भुंकत होता, खोल, पिंपात कुणी लाकूड आपटावं तसा. हूड घातलेला, हातात दांडा घेतलेला माणूस त्याच्या घराकडे तोंड करून उभा होता. तो त्याचं काम करत होता.

बायको म्हणाली, "बस. अरे, बस खाली."

मी दांडा टाकला आणि वाकलो. पण बसायला नाही.

आमच्याकडे कुत्रं आलं की वाकायचं. दगड असो नसो, नुसतं वाकलं की कुत्रं शेपूट घालून पळतं, पिढ्यान् पिढ्या मार खाल्लेली जात ती. हे आम्हाला कुणी शिकवत नाही, पाठीतच असतं. माझ्या हाताला आळ्यातला दगड लागला. मी सरळ झालो. कुत्रा पळाला नाही. भुंकणं थांबवून तो गुरगुरला आणि दोन पावलं पुढे आला. वाकणारा माणूस त्याच्या जातीला घाबरवत नसावा, चेतवतच असावा.

अजूनही वेळ होता. दगड टाकून बसता आलं असतं. मी नेम धरला. चिंचा पाडून तयार झालेला नेम आहे माझा, अजून चुकत नाही. डोळ्यावर लागला. ओल्या फांदीसारखा आवाज आला.

मग मी पाठीवर होतो. डावा हात कोपराच्या खाली त्याच्या तोंडात होता आणि तो मान झटकत होता. हाडाचा आवाज मी आतून ऐकला. दुखलं नाही, फक्त गरम झालं. त्याच्या फुटलेल्या डोळ्यातलं रक्त माझ्या तोंडावर गळत होतं, खारट. मी उजव्या हाताने त्याच्या तोंडावर बुक्क्या मारत होतो. बायको त्याला फावड्याने मारत होती. त्याला काहीच कळत नव्हतं.

तेवढ्यात जावयाची गाडी आली. अमजा रस्त्यातच उतरले आणि एकच शब्द बोलले, मोठ्याने नाही. कुत्र्याने हात सोडला. सोडला आणि त्यांच्या पायाशी जाऊन पडला. अमजा माझ्याजवळ गुडघ्यांवर बसले, स्वतःचा स्वेटर काढून माझ्या हाताला गुंडाळला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "पोरा, तू बसला का नाहीस?"

मी म्हणालो, "वेळच मिळाला नाही. मी पानं काढत होतो, तो मागून आला."

हे खोटं मी ठरवून बोललो नाही, आपोआप आलं. पण अँब्युलन्स यायच्या आत बायकोला मराठीत म्हणालो ते ठरवून. "तो दगड धुऊन जागेवर ठेव."

तिने हातातलं फावडं खाली ठेवलं. मग उठली. मी स्ट्रेचरवर असताना बागेच्या नळाचा आवाज ऐकला.

हातात धातूच्या दोन पट्ट्या आणि अकरा स्क्रू आहेत. काउंटीचा डॉग वॉर्डन घरी आला तेव्हा मी सोफ्यावर होतो. भला माणूस, शांतपणे लिहून घेत होता. त्याने विचारलं, कुत्र्याला कुणी डिवचलं होतं का, मारलं होतं का. हा प्रश्न महत्त्वाचा आहे, असंही म्हणाला. डिवचलं असेल तर गोष्ट वेगळी, नसेल तर कुत्र्यावर धोकादायक म्हणून केस.

"नाही," मी म्हणालो.

"त्याचा डोळा गेलाय."

"हात सोडवताना मी बुक्क्या मारल्या."

बायको किचनमध्ये भांडी लावत होती. आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

खोटं का बोललो? स्वतःला पुष्कळ कारणं दिली. खटला होईल, ऑफिसात कळेल. सगळी नंतर सुचलेली. खरं म्हणजे मला लाज वाटली. पंचेचाळीस वर्षांचा इंजिनिअर, शिकवलेलं असताना, बसून दाखवलेलं असताना, गल्लीतल्या पोरासारखा दगड मारतो. आणि हे मला नवीन नव्हतं. दहा वर्षांचा असताना धनगरवाड्यावरच्या एका कुत्र्याला मी दगड मारला, त्याने माझी चड्डी फाडली, आणि मी ओरडत घरी गेलो की कुत्रं पिसाळलंय. दोघातिघांनी काठ्यांनी त्याला पारावर मारलं. त्याला मरायला फार वेळ लागला. मी पाहिलं, कारण मला पुढे उभं केलं होतं. तेही कुत्रं पिसाळलेलं नव्हतं.

शेजारची मुलगी एका संध्याकाळी आली. ती मला आबी म्हणायची, म्हणजे दादा. दारातच उभी राहिली. "आबी, तो मुलांच्या अंगावर झोपतो. मुलं त्याचे कान ओढतात. खरंच काही झालं नव्हतं? मी भांडायला नाही आले. काही झालं असेल तर तो वाचेल, म्हणून विचारते."

"काही नाही झालं," मी म्हणालो. "सॉरी."

ती म्हणाली, "सॉरी आम्ही म्हणायला हवं." आणि गेली.

केस होईपर्यंत ते थांबले नाहीत. जावयाला घरातल्या लहान मुलांची भीती वाटायला लागली. चावल्यानंतरचे कोंडून ठेवायचे दिवस संपल्यावर कुत्र्याला इंजेक्शन द्यायचं ठरलं. त्या सकाळी अमजा आमच्या दारात आले. मुलीला बघवणार नव्हतं, जावई कामाला, त्यांना गाडी चालवता येत नव्हती.

"तुझी हरकत नसेल तर," ते म्हणाले. "तुला विचारणं बरोबर नाही, कळतं मला."

मी उजव्या हाताने गाडी चालवली. त्यांच्या मांडीवर तो खिळ्यांचा पट्टा होता. वळणावर तो सरकला, त्याची दोन भोकं सीटवर अजून आहेत. वाटेत ते एवढंच बोलले, "बारा पिढ्यांत आमच्या घरच्या कुत्र्याने माणूस फाडला नव्हता. माझ्या हातून काहीतरी चुकलं. मी त्याला परमुलखात आणायला नको होतं."

मी गाडी चालवत राहिलो.

लहानशी खोली होती. कुत्र्याला आणलं. एका डोळ्यावर टाके, तोंडाला जाळी. मी भिंतीला चिकटलो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि गुरगुरला नाही. अमजा फरशीवर मांडी घालून बसले. त्याने त्यांच्या मांडीवर डोकं टाकलं. त्यांनी त्याच्या गळ्यात पट्टा बांधला, सावकाश, खिळे बाहेर येतील असा. डॉक्टरने विचारलं, सुरू करू? अमजा माझ्याकडे बघून म्हणाले, "आता तरी बस."

मी बसलो. कुत्र्यापासून दोन हातांवर, मान खाली. सुई अजून ट्रेमध्ये होती. मला ट्रे दिसत होता. एक वाक्य बोलायचं होतं, इंग्रजीत, पाच-सहा शब्दांचं. डॉक्टरने हातमोजे घातले. पायावरचे केस थोडे कापले. एवढा सगळा वेळ होता. मी बोललो नाही. कुत्र्याने एकदा लांब श्वास सोडला आणि पट्ट्याचे खिळे फरशीवर टेकल्याचा आवाज झाला.

यानंतर जे केलं ते दगडापेक्षा वाईट. हिवाळ्यात अमजा पुन्हा फाइल घेऊन यायला लागले. कुत्र्यांच्या प्रकरणाच्या शेवटी त्यांनी नवं लिहून आणलं होतं: 'आमचा कुत्रा कारणाशिवाय चावत नाही असं मी मानत होतो. ते खरं नाही. माझ्या ओळखीच्या एका सत्यवचनी माणसाने हे भोगलं आहे.'

मी ते टाइप केलं. इंग्रजी सरळ केलं. 'सत्यवचनी' साठी चांगला शब्द शोधून दिला. बायको चहाचे कप घेऊन आली, स्क्रीनवर वाचलं, कप ठेवले आणि बेडरूममध्ये जाऊन दार लावलं. त्या दिवसापासून शनिवारी सकाळी ती घरात थांबली नाही.

पुस्तकाच्या वीस प्रती स्पायरल लावून काढल्या. वसंतात अमजा आपल्या तालुक्यात परत गेले. एक प्रत तिथल्या ग्रंथालयात ठेवली, फोटो पाठवला. चर्चच्या वस्तीचं पान त्यांनी शेवटच्या क्षणी स्वतः लिहून जोडलं होतं, मला न दाखवता. मी ते वाचायचं टाळत होतो. गेल्या महिन्यात वाचलं. पूल, बाई, आजोबांचं नाव, दगड कुठे लागला, सगळं. मोडक्या इंग्रजीत, कुणी सरळ न केलेलं.

त्याच शनिवारी मी व्हिडिओ कॉल केला. तिकडे दुपार उतरत होती. अमजा अंगणात बसले होते, मागे बर्फ. फार वाळले आहेत. मी मागेपुढे काही न जोडता सगळं सांगितलं.

त्यांनी फोन तोंडाजवळ ओढला. मग त्यांनी विचारलं, "कोणता दगड?"

"मेपलखालचा."

"मुठीएवढा?"

"मोठा."

"तो किती लांब होता?"

"दहा पावलं. उभा होता."

"उभा होता," ते म्हणाले. "डोळा बघितला तेव्हा वाटलं होतं मला. बुक्कीने असा फुटत नाही. मुलीला बोललो नाही. म्हटलं, हा पोरगा माझ्या किचनमध्ये बसतो, हा सांगेल." किचन आमचं होतं, पण मी चूक काढली नाही.

"अमजा, मी काय करू?"

"मी तुला माफ करू का असं विचारतोयस? नाही करत. तू कुत्रा मारलास ते सोड, दगड आमच्याकडेही मारतात. तू माझ्या हाताने त्याला खोटा ठरवलास. ते पुस्तक ग्रंथालयात आहे, पोरं वाचतात." ते खोकले. "माझ्या आजोबांचं मी लिहिलं. तुझं तू लिही. इंग्रजी नीट केलंस, नाही केलंस, चालेल. आधी माझ्या मुलीला वाचून दाखव, मग मला पाठव. मी ते पान फाडून तुझं लावेन." आणि फोन ठेवला.

इंग्रजीत पान लिहून शेजारी गेलो, वाचून दाखवलं. अमजांच्या मुलीने दारातच ऐकलं, शेवटपर्यंत. मला आबी म्हणाली नाही. दार बंद केलं, आपटलं नाही. त्यानंतर मुलं आमच्या हिरवळीवर येत नाहीत.

पान इंग्रजीत एक झालं. मराठीत हे इतकं झालं. काल बायकोला दोन्ही वाचायला दिली. तिने उभ्याउभ्याच वाचली, किचनच्या ओट्याला टेकून.

"मराठीत नळाचा आवाज आहे," ती म्हणाली. "इंग्रजीत दगड कुणी धुतला ते नाही."

"तुझं नाव कशाला मधे, असं वाटलं."

"मी धुतला. तेही लिही."

पान अजून पाठवलं नव्हतं. मी खुर्ची ओढली आणि ते वाक्य घातलं.